एक इलिनॉयची फाइल आणि राहून गेलेली 4 राज्यं : राज्य आयकर प्रशिक्षणाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुण्यात अमेरिकन टॅक्स रिटर्न तयार करणारी माणसं किती आहेत, याचा अंदाज एप्रिल आणि ऑक्टोबरच्या 15 तारखेआधी खराडी-हिंजवडीहून रात्री उशिरा सुटणाऱ्या कॅब पाहून येतो. यातले बरेच जण बी.कॉम., एम.कॉम., सीए इंटर झालेले. काही सीए, काहींनी अमेरिकेची एन्रोल्ड एजंटची, म्हणजे तिथल्या केंद्रीय कर खात्याने मान्यता दिलेल्या करप्रतिनिधीची, परीक्षा दिलेली. फेडरल (केंद्र सरकारचं) रिटर्न, म्हणजे कंपनीचा फॉर्म 1120, ही मंडळी दोन सीझनमध्ये सफाईने करू लागतात. गाडी अडते ती राज्यांच्या आयकरावर.

त्याला कारण आहे. आपल्याकडे शेती सोडून इतर उत्पन्नावरचा कर ही केंद्राच्या यादीतली बाब. राज्याचा कर म्हटला की डोळ्यांसमोर जीएसटी किंवा पगारातून कापला जाणारा प्रोफेशन टॅक्स येतो. एकाच कंपनीच्या एकाच नफ्यावर आधी केंद्र आणि मग पाच-सात राज्यं आपापला हिस्सा मागतात, हे इथल्या कुठल्याच अभ्यासक्रमात येत नाही. एन्रोल्ड एजंटच्या परीक्षेतही नाही. ती फेडरल करापुरतीच आहे. अमेरिकेत मात्र 44 राज्यं आणि वॉशिंग्टन डी.सी. कंपन्यांच्या नफ्यावर कर लावतात. ओहायो, टेक्सास, नेव्हाडा आणि वॉशिंग्टन ही राज्यं नफ्याऐवजी उलाढालीवर किंवा तशाच वेगळ्या पायावर कर घेतात. साउथ डकोटा आणि वायोमिंग यांपैकी काहीच घेत नाहीत.

हे प्रकरण अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका मध्यम आकाराच्या सीपीए (तिकडच्या सीएंच्या) फर्मच्या पुण्यातल्या टीमचं आहे. फर्म, क्लायंट आणि माणसांची ओळख काढून टाकली आहे. रकमा गोल केल्या आहेत, पण आकड्यांचं एकमेकांशी असलेलं नातं तसंच ठेवलं आहे.

आधीचं प्रशिक्षण आणि पहिला निर्णय

टीमला दरवर्षी डिसेंबरात दोन दिवस राज्य आयकर शिकवला जायचा. स्लाइडवर राज्य, दर, फॉर्मचं नाव, मुदत, थ्रोबॅक (दुसरीकडे कर न लागणारी विक्री मूळ राज्यात परत धरणं) आहे की नाही, बोनस डेप्रिसिएशन (यंत्रांच्या किमतीचा मोठा भाग पहिल्याच वर्षी वजा करणं) मान्य की अमान्य. शेवटी बहुपर्यायी प्रश्न. मुलं पास व्हायची, आणि फेब्रुवारीपासून ऑनशोरच्या, म्हणजे फर्मच्या अमेरिकेतल्या टीमच्या, त्याच त्या रिव्ह्यू नोट्स यायच्या. ‘या राज्यात रिटर्न का भरतो आहोत?’ या नोटेवर ठरलेलं उत्तर होतं : गेल्या वर्षी भरलं होतं म्हणून.

2024 च्या उन्हाळ्यात फर्मसमोर दोन प्रस्ताव आले. एक, तयार रेकॉर्डेड कोर्सची लायब्ररी विकत घ्यायची. 50 मिनिटांना एक सीपीई (व्यावसायिकांच्या सततच्या शिक्षणाचं) क्रेडिट, प्रमाणपत्र हातात, ज्याला जमेल तेव्हा त्याने बघावं. दोन, लेक्चर थोडी ठेवायची आणि प्रत्येक गटाला फर्मचीच एक जुनी फाइल द्यायची. काम एवढंच : क्लायंट जिथे जिथे माल विकतो त्या प्रत्येक राज्यासाठी ‘इथे रिटर्न भरतो, कारण…’ किंवा ‘भरत नाही, कारण…’ हे एक वाक्य लिहायचं आणि ज्या कागदाच्या आधारावर लिहिलं त्याचा नंबर पुढे टाकायचा.

दुसरा प्रस्ताव महाग होता, कारण त्यात मॅनेजरांचे तास जात होते. पार्टनरने तो घेतला. क्लायंटची माहिती अमेरिकेबाहेर पाठवायला आधीच लेखी संमती होती. तरी प्रशिक्षणाच्या प्रतींवरून नावं आणि टॅक्स आयडी काढून टाकले. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वात मोठा निर्णय हाच होता, आणि तो घेताना कोणाला तसं वाटलं नव्हतं.

अडचण : ‘सर्व्हिस ट्रॅव्हल’

एका गटाला मिळालेली फाइल शिकागोजवळच्या एका मशीन बनवणाऱ्या कंपनीची होती. खाद्यपदार्थ पॅक करणाऱ्या मोठ्या मशीन्स. वर्षाची विक्री 4 कोटी डॉलर, राज्यांत वाटायचा नफा 40 लाख डॉलर. कारखाना इलिनॉयमध्ये, एक छोटं गोदाम विस्कॉन्सिनमध्ये. रिटर्न या दोनच राज्यांत.

विक्री मात्र सहा राज्यांत होती : इलिनॉय 100 लाख, इंडियाना 80 लाख, विस्कॉन्सिन, मिशिगन आणि ओहायो प्रत्येकी 60 लाख, मिसुरी 40 लाख. वर्कपेपरवर इंडियाना, मिशिगन, मिसुरी आणि ओहायो या चौघांपुढे मिळून एकच ओळ : ‘पब्लिक लॉ 86-272 – संरक्षित – थ्रोबॅक’. पब्लिक लॉ 86-272 म्हणजे राज्यात फक्त विक्रीसाठी माणूस पाठवणाऱ्या बाहेरच्या कंपनीला तिथल्या आयकरापासून वाचवणारा कायदा. अनेक वर्षं ती ओळ एका फाइलमधून पुढच्या फाइलमध्ये कॉपी होत आली होती.

गटातली सीए इंटर झालेली एक मुलगी ट्रायल बॅलन्स वाचत होती. प्रवासखर्चाची खाती दोन होती, ‘सेल्स ट्रॅव्हल’ आणि ‘सर्व्हिस ट्रॅव्हल’. दुसऱ्यात पहिल्याच्या जवळपास दुप्पट रक्कम.

“मॅडम, विकायला सेल्समन जातात ते ठीक. सर्व्हिसला कोण जातं?”

मॅनेजर मॅडमना माहीत नव्हतं. पुण्यात कोणालाच माहीत असायचं कारण नव्हतं. या टीमचा क्लायंटशी कधी थेट संबंध येत नाही. ऑनशोरच्या सीनियरला विचारलं, त्याने क्लायंटकडून खात्याचा तपशील आणि व्हाउचरच्या स्कॅन प्रती मागवल्या. त्यातलं फेब्रुवारी 2020 चं एक व्हाउचर पुढे सगळ्यांना पाठ झालं : मिसुरीतल्या सेंट लुईसच्या बाहेरच्या मोटेलच्या दोन रात्री, कंपनीच्या ट्रकचं डिझेल, आणि हार्डवेअरच्या दुकानातून घेतलेले काँक्रीटमध्ये ठोकायचे अँकर बोल्ट. विक्रीच्या गप्पा मारायला गेलेला माणूस अँकर बोल्ट घेत नाही.

विक्रीच्या खात्यात हे दिसत नव्हतं, कारण क्लायंट इन्स्टॉलेशनचं वेगळं बिलच करत नव्हता. ते मशीनच्या किमतीतच धरलेलं. ॲपोर्शनमेंटचं, म्हणजे नफा राज्यांत वाटण्याचं, वर्कपेपर विक्रीच्या रिपोर्टवरून बनतं. त्यामुळे ते कितीही काळजीने तपासलं असतं तरी हाती काही लागलं नसतं.

86-272 चं संरक्षण कुठे संपतं

1959 च्या फेब्रुवारीत अमेरिकी सुप्रीम कोर्टाने एका सिमेंट कंपनीच्या खटल्यात निकाल दिला की बाहेरच्या कंपनीवरही राज्य योग्य वाटणी करून आयकर लावू शकतं. उद्योगांनी आरडाओरडा केला आणि त्याच सप्टेंबरात काँग्रेसने पब्लिक लॉ 86-272 मंजूर केला. तात्पुरता म्हणून केलेला हा कायदा आजही तसाच आहे. तो म्हणतो : राज्यात तुमचा माणूस फक्त वस्तूंच्या ऑर्डरी मिळवण्यासाठी फिरत असेल, ऑर्डर राज्याबाहेर मंजूर होत असेल आणि माल बाहेरूनच पाठवला जात असेल, तर ते राज्य तुमच्यावर निव्वळ उत्पन्नाचा कर लावू शकत नाही.

या ‘फक्त’ला किती धार आहे ते 1992 च्या रिगली खटल्यात दिसलं. शिकागोची च्युइंगगम कंपनी, विस्कॉन्सिनमध्ये तिचे सेल्समन. ते दुकानातलं शिळं झालेलं गम बदलून द्यायचे आणि कधीकधी डिस्प्ले भरायला जवळचा माल विकायचे. त्या विक्रीची रक्कम वर्षाला काही शे डॉलर होती. कोर्टाने तेवढ्यावरही संरक्षण नाकारलं. शिळ्या गमने जर रिगलीचं संरक्षण गेलं, तर टनभर वजनाची मशीन जमिनीत ठोकून बसवणाऱ्याचं राहील हा प्रश्नच उरत नाही. इन्स्टॉलेशन आणि दुरुस्ती ही कामं मल्टिस्टेट टॅक्स कमिशन या राज्यांच्या संयुक्त कर संस्थेच्या निवेदनात संरक्षण नसलेल्या कामांच्या यादीत स्पष्ट लिहिलेली आहेत. शिवाय वर्षात एकदाही असं काम झालं, तर त्या राज्यातलं त्या पूर्ण वर्षाचं संरक्षण जातं.

गटातल्या एकाने सुचवलं की क्लायंटने पुढे इन्स्टॉलेशन बाहेरच्या कंत्राटदाराला द्यावं. तेही चालत नाही. कंत्राटदाराला कायद्याने दिलेली सवलत विक्रीच्या कामापुरती आहे. तुमच्या वतीने मशीन बसवायला ती लागू होत नाही.

ओहायोचं प्रकरण आणखी वेगळं. तिथला कमर्शियल ॲक्टिव्हिटी टॅक्स उलाढालीवर आहे आणि 86-272 फक्त निव्वळ उत्पन्नावरच्या करापासून वाचवतो. राज्यात 5 लाख डॉलरची विक्री झाली की तिथे नेक्सस, म्हणजे कर लावण्याइतका संबंध, तयार होतो, टेक्निशियन जावो न जावो. म्हणजे ‘86-272 – संरक्षित’ हा शेरा ओहायोपुढे पहिल्या दिवसापासूनच चुकीचा होता.

आकडे मांडल्यावर

इथपर्यंत सगळ्यांची समजूत हीच की क्लायंट अडचणीत आला. मग मॅनेजर मॅडमनी गटाला 2022 चं गणित फळ्यावर मांडायला लावलं.

ही सहाही राज्यं वाटणी फक्त विक्रीच्या प्रमाणात करतात किंवा, ओहायोसारखी, त्या भानगडीतच पडत नाहीत. इलिनॉयमध्ये थ्रोबॅकचा नियम आहे : इलिनॉयहून माल गेला, पण जिथे गेला तिथे कंपनी करपात्र नाही, तर ती विक्री इलिनॉयच्या खात्यात परत टाकायची. म्हणून इलिनॉयची विक्री 100 नव्हे, चार राज्यांचे 240 मिळवून 340 लाख धरली होती. 400 पैकी 340, म्हणजे 85 टक्के. 34 लाख नफ्यावर इलिनॉयचा 7 टक्के आयकर अधिक अडीच टक्के रिप्लेसमेंट टॅक्स (नफ्यावरचाच दुसरा राज्यकर) मिळून साडेनऊ टक्के : 3,23,000 डॉलर. विस्कॉन्सिनचे 15 टक्के, 7.9 च्या दराने 47,400. एकूण 3,70,400.

आता टेक्निशियन धरून. इलिनॉयकडे स्वतःची 25 टक्केच विक्री राहते : 95,000. विस्कॉन्सिन तेच. इंडियाना 8 लाखांवर 4.9 टक्के, 39,200. मिशिगन 6 लाखांवर 6 टक्के, 36,000. मिसुरी 4 लाखांवर 4 टक्के, 16,000. एकूण 2,33,600.

वर्षाला 1,36,800 डॉलर कमी. इतकी वर्षं क्लायंट कर चुकवत नव्हता. चुकीच्या राज्याला जास्त भरत होता.

“आणि ओहायो?” एकाने विचारलं. “तिथे तर उत्पन्नावर करच नाही. मग ते 60 लाख इलिनॉयकडे परत जाणार ना?”

याचं उत्तर वर्गात कोणालाच लगेच पटलं नाही. इलिनॉयचा कायदा दुसऱ्या राज्यात ‘करपात्र’ असण्याचे दोन मार्ग देतो. एक, ते राज्य खरोखर तसा कर घेतं. दुसरा, निव्वळ उत्पन्नावर कर लावण्याचा अधिकार त्या राज्याला आहे, मग ते लावो वा न लावो. ओहायोत टेक्निशियन काम करून आला असेल तर अधिकार आहे. ओहायो तो वापरत नाही, हा ओहायोचा प्रश्न. त्या विक्रीच्या वाट्याचा नफा त्यामुळे कोणत्याच राज्याच्या आयकरात येत नाही. फक्त ओहायोचा उलाढालीवरचा कर बसतो; 2022 साठी पहिल्या 10 लाखांनंतरच्या 50 लाखांवर 0.26 टक्के म्हणजे 13,000, अधिक किमान कर 2,600.

कोणाला, कधी सांगायचं

हा निर्णयाचा दुसरा टप्पा आणि पुण्याच्या टीमसाठी सर्वात अवघड. प्रशिक्षणाच्या फाइलमध्ये सापडलेली गोष्ट चालू क्लायंटची होती. वर्गातच ठेवून ‘छान केस आहे’ म्हणता आलं असतं. पुढच्या सीझनच्या रिव्ह्यू नोटमध्ये टाकता आलं असतं. सीनियरचा कल तिकडेच होता, कारण चूक गेल्या अनेक रिव्ह्यूंमधून निसटलेली होती आणि त्यावर सह्या अजून कंपनीत असलेल्या माणसांच्या होत्या.

एआयसीपीए या अमेरिकन सीपीएंच्या संघटनेची कर सेवांसाठीची मानकं, जी सुधारून जानेवारी 2024 पासून लागू झाली, याबाबत स्वच्छ आहेत. आधीच्या रिटर्नमधली चूक किंवा न भरलेलं रिटर्न लक्षात आलं की क्लायंटला वेळेत सांगायचं, परिणाम समजावायचे, उपाय सुचवायचा. क्लायंटच्या परवानगीशिवाय कर खात्याला मात्र कळवायचं नाही. मॅडमनी त्याच आठवड्यात पार्टनरला दोन पानांची टिपण पाठवली. त्यात ‘चूक कोणाची’ हा परिच्छेद नव्हता. पहिल्या पानावर तारीख ठळक केली होती : 2020 चं इलिनॉय रिटर्न ऑक्टोबर 2021 मध्ये भरलेलं, रिफंडची 3 वर्षांची मुदत भरल्याच्या तारखेपासून मोजली तर ऑक्टोबर 2024 मध्ये संपते. पार्टनर हलला तो त्या तारखेमुळे, असं मला वाटतं.

पर्याय

क्लायंटच्या सीएफओचा पहिला प्रश्न व्यावहारिक होता : एकूण कर आपण जास्तच भरला आहे, मग तक्रार कोण करणार? पण इलिनॉयला जास्त गेलेले पैसे इंडियानाच्या खात्यात वळते होत नाहीत. प्रत्येक राज्य आपलं तेवढं बघतं. त्यातली खरी मेख मुदतीची. इलिनॉयकडून पैसे परत मागायला 3 वर्षं. पण ज्या राज्यात रिटर्नच भरलेलं नाही तिथे मुदतीचं घड्याळ सुरूच होत नाही.

टेक्निशियन 2016 पासून तरी जात होते. 2022 चेच आकडे धरले तर 2016 ते 2022 या 7 वर्षांत तीन राज्यांचे 6,38,400 डॉलर होतात. प्रत्यक्षात जास्तच, कारण इंडियाना आणि मिसुरीचे दर तेव्हा चढे होते. वर दंड आणि व्याज. समोर इलिनॉयचा रिफंड फार तर 3 वर्षांचा, 6,84,000.

गप्प राहून 2023 पासून पुढचंच बरोबर भरायचं, हा एक मार्ग. नव्या राज्यात पहिल्यांदा रिटर्न आलं की ‘व्यवसाय कधी सुरू केला’ हा प्रश्न ठरलेला. शिवाय कंपनी कधी विकायला काढली तर घेणाऱ्याचे सल्लागार पहिल्या आठवड्यात हेच शोधतील. सगळी जुनी रिटर्न आपणहून भरायची, हा दुसरा. स्वच्छ पण सर्वात महाग. तिसरा मार्ग व्हॉलंटरी डिस्क्लोजर ॲग्रीमेंटचा : प्रतिनिधीने नाव न सांगता राज्याशी बोलायचं, राज्य साधारण 3 ते 4 वर्षं मागे जायचं कबूल करतं, दंड माफ करतं, कर आणि व्याज घेतं, त्याआधीची वर्षं सोडून देतं. अट एकच, राज्याने तुम्हाला आधी गाठलेलं नसावं. मल्टिस्टेट टॅक्स कमिशनमार्फत एकाच अर्जात अनेक राज्यांशी हे करता येतं. राज्यं मोजकी आणि वेळ कमी म्हणून पार्टनरने प्रत्येकाशी थेट बोलायचं ठरवलं. वीस राज्यं असती तर कमिशनकडे जाणंच शहाणपणाचं ठरलं असतं.

क्रमाचा पेच

तिसरा मार्ग ठरल्यावर प्रश्न उरला आधी काय करायचं. इलिनॉयकडे सुधारित रिटर्न आधी भरलं तर त्यात लिहावं लागणार की आम्ही इंडियाना, मिशिगन, मिसुरीत करपात्र आहोत. राज्यांची कर खाती एकमेकांना माहिती देतात. त्यातून एखाद्या राज्याची नोटीस आधी आली तर डिस्क्लोजरचा दरवाजा बंद. उलट, डिस्क्लोजरचे करार पूर्ण होईपर्यंत थांबलं तर ऑक्टोबर उलटून 2020 चा रिफंड जातो.

प्रशिक्षणातल्या गटालाच यावर टिपण लिहायला सांगितलं. दोन जणांनी ‘आधी रिफंड’ लिहिलं, कारण रक्कम मोठी. पार्टनरने निवडलं ते अधलंमधलं : ऑगस्टमध्ये निनावी अर्ज, राज्यांकडून अर्ज मिळाल्याची पोच हातात आली की मगच, सप्टेंबरअखेर, इलिनॉयचं 2020 चं सुधारित रिटर्न. 2021 आणि 2022 ची मुदत लांब होती. ती करार झाल्यावर, करारांच्या प्रती जोडून.

काय केलं

पुण्याच्या टीमने तीन वर्षांची व्हाउचर राज्यवार आणि तारखेवार लावली. हे काम कंटाळवाणं होतं आणि सगळं यश त्यावर उभं होतं. प्रत्येक फेरीपुढे कोण गेलं, कोणत्या मशीनसाठी, तिथे काय केलं, कागद कोणता.

2020 वर सगळ्यांचा जीव अडकला होता, कारण मार्चनंतर प्रवास थांबलेला. मिसुरीला त्या वर्षी एकच फेरी, तीच फेब्रुवारीतली, अँकर बोल्टची. ती होती म्हणून पूर्ण वर्षाचं संरक्षण गेलं आणि क्लायंटला ते हवंच होतं. इंडियाना आणि मिशिगनच्या फेऱ्या जानेवारीत आणि पुन्हा पावसाळा उलटल्यावर, म्हणजे तिकडच्या शरद ऋतूत, सापडल्या. ओहायोत 2020 मध्ये एकही नाही. तिथल्या ग्राहकांच्या माणसांनी व्हिडिओ कॉलवर बघून मशीन्स बसवल्या होत्या. गटातल्या एकाने 2019 च्या डिसेंबरातली फेरी ‘जवळपास त्याच कामाची’ म्हणून यादीत धरली होती. मॅडमनी ती खोडली. पार्टनरने 2020 च्या दाव्यातून ओहायो वगळला आणि त्या वर्षाची मागणी 57,000 ने कमी झाली. तीन वर्षांचा एकूण दावा 6,27,000 चा झाला.

इंडियानाच्या रिटर्नमध्ये आणखी एक बारीक गोष्ट निघाली. तिथला दर 1 जुलैला बदलत आला : 5.5, मग 5.25, आणि जुलै 2021 पासून 4.9. कॅलेंडर वर्षाच्या कंपनीला 2020 आणि 2021 साठी दिवसांच्या प्रमाणात दर काढावा लागतो. जुन्या स्लाइडवर फक्त चालू दर होता.

निष्पत्ती

इंडियाना आणि मिसुरी 3 वर्षांवर तयार झाली, मिशिगनने 4 मागितली. मिशिगनच्या चौथ्या वर्षाचा, 2019 चा, इलिनॉय रिफंड केव्हाच मुदतबाह्य झाला होता. त्या एका वर्षाच्या मिशिगनच्या वाट्यावर दोन्हीकडे कर गेला. दंड कोणीच लावला नाही, व्याज सगळ्यांनी घेतलं. ओहायोचा मागचा कर तिथल्या खात्याशी वेगळा करार करून भरला.

इलिनॉयने 2021 आणि 2022 चे पैसे 2025 मध्ये दिले. 2020 साठी पुरावे मागितले, त्यात मिसुरीच्या एकुलत्या एका फेरीबद्दल तीन प्रश्न होते. मोटेलचं बिल, ट्रकच्या डिझेलची पावती, बोल्टची पावती आणि ग्राहकाने सही केलेला मशीन सुरू झाल्याचा कागद, असं चार पानांचं उत्तर गेलं. दावा मान्य झाला.

प्रशिक्षणाचं काय झालं? दरांच्या स्लाइड गेल्या. त्या कोणालाही शोधता येतात. त्यांच्या जागी दरवर्षी क्लायंटला जाणारी एक नेक्सस प्रश्नावली आली. कोणता कर्मचारी राज्याबाहेर गेला आणि तिथे हाताने काय काम केलं? सुटे भाग टेक्निशियनच्या ट्रकमध्ये राहतात की ग्राहकाकडे ठेवलेले असतात? घरून काम करणारं कोणी दुसऱ्या राज्यात राहतं का? हा शेवटचा प्रश्न न्यू जर्सीच्या 2012 च्या टेलीब्राइट निकालावरून घेतला. तिथे घरून काम करणारी एकच कर्मचारी कंपनीला राज्यात करपात्र करायला पुरली होती.

दुष्परिणामही झाले. पुढच्या सीझनला मुलं प्रत्येक फाइलवर इतके प्रश्न विचारू लागली की ऑनशोरकडून तक्रार आली : ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात 900 डॉलरच्या विमान तिकिटाचा खुलासा मागू नका. आता जूनपर्यंत विचारायचे प्रश्न आणि सप्टेंबरनंतर फक्त नोंदवून ठेवायचे प्रश्न वेगळे केले आहेत.

काय वेगळं करता आलं असतं

सुरुवात वसंतात व्हायला हवी होती. एप्रिलमध्ये हे हाती असतं तर 2023 चा कर नव्या राज्यांत मुदतवाढीच्या अर्जासोबतच भरता आला असता. तो भरला न गेल्याने तिथे व्याज लागलं. त्याहून टाळता येण्यासारखं म्हणजे 2024 चे अंदाजित कराचे हप्ते. सुधारित हिशोब एक टीम करत होती आणि हप्त्यांची व्हाउचर दुसरी. जून आणि सप्टेंबरचे हप्ते जुन्या 85 टक्क्यांनीच इलिनॉयला गेले. पैसे बुडाले नाहीत, पण रिफंड मागणाऱ्याच कंपनीने त्याच राज्याला पुन्हा जास्त भरावं, हे सीएफओला समजावताना पार्टनरला कसरत करावी लागली.

ओहायोसाठी 2021 आणि 2022 चे पुरावे जरा कच्चेच होते. इलिनॉयने खोलात जाऊन पाहिलं नाही, हे नशीब. कुठेच कर लागत नाही अशा विक्रीकडे ऑडिटर सर्वात आधी बघतो. तिथल्या फायलीत सर्वात जाड पुरावा हवा होता.

आणि एंगेजमेंट लेटर, म्हणजे फर्म आणि क्लायंटमधलं कामाचं करारपत्र. त्यात लिहिलं होतं की फर्म ‘क्लायंटने सांगितलेल्या राज्यांची’ रिटर्न तयार करेल. क्लायंटची समजूत होती की कोणत्या राज्यांत भरायचं ते फर्म बघते. अनेक वर्षं दोन्हीकडची माणसं आपापल्या समजुतीने बरोबर होती. 2025 च्या पत्रात नेक्सस तपासणी ही वेगळी ओळ आणि वेगळी फी म्हणून टाकली. क्लायंटने घासाघीस करून ती फी निम्म्यावर आणली. प्रश्नावली मात्र मेमध्येच भरून पाठवली, आणि तिच्यासोबत आयोवातल्या एका नव्या ग्राहकाच्या इन्स्टॉलेशनची तारीखही.